यादी नको, साखळी हवी

गाय दोन-तीनदा उलटली की गावात निकाल लागतो : गाय वांझ निघाली. मग ती मिळेल त्या भावाने विकली जाते. आपली पाठ्यपुस्तके व माहितीपत्रके अशा वेळी काय सांगतात? 'वंध्यत्वाची कारणे' या मथळ्याखाली एका रांगेत निकृष्ट आहार, क्षारांची कमतरता, रोगजंतू, ऊन, अवघड वीण. यात चुकीचे काही नाही. तरीही शिकवण्याच्या दृष्टीने ही यादी अपुरी आहे, असे आम्हांस वाटते.

पहिला आक्षेप 'कारण' या शब्दावर. जुळी वासरे, गर्भपात, अवघड वीण किंवा रक्तातील कॅल्शियम उतरणे यांमुळे वार अडकण्याची शक्यता वाढते. ती अडकेलच असे नाही. वार अडकली तर गर्भाशयाला सूज येण्याचा धोका वाढतो आणि गाय पुन्हा गाभण राहण्यास उशीर होतो. ही साखळी आहे. ती कोठे तोडता येईल, हे यादीतून कळत नाही.

दुसरे, यादीला गाव नसते. जालना जिल्ह्यातील अंकुशनगर हे साखर कारखान्याचे गाव. अशा ऊसपट्ट्यात हंगामात उसाचे वाढे ही हाताशी असलेली वैरण. वाढ्यांत प्रथिने कमी. शिवाय त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. तेथे 'निकृष्ट आहार' एवढे सांगून भागत नाही. नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नका, द्विदल चारा व क्षारमिश्रण द्या, असे सांगावे लागते.

तिसरे, यादीत माणूस नसतो. माज साधारण 21 दिवसांनी येतो आणि बहुधा 12 ते 18 तास टिकतो. रात्रीचा माज हुकला की तीन आठवडे वाया. येथे गाय निर्दोष असते, कमी पडते ती पाहणी. विद्यार्थ्यांनी घरच्या गाईच्या माजाच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहिल्या तरी बरेच साधेल.

एक गोष्ट मात्र तळटीपेत ढकलू नये. ब्रुसेलोसिस गाईकडून माणसालाही होतो. गर्भपात झालेल्या गाईची वार उघड्या हातांनी हाताळू नये, हे मुलांना ठामपणे सांगावे. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना याची लस देतात, हेही सांगावे.

यादी पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक घटकापुढे दोन प्रश्न लिहावेत : हा आपल्या गोठ्यात आहे का? तो बदलता येतो का? जुळी वासरे आपल्या हाती नाहीत. वैरण आणि नोंदवही आहेत.