चहा आला, दोर लागला : गिर्यारोहणाच्या मराठी लेखनातील हरवलेला कर्ता

मराठीत डोंगरभटकंतीचे आणि गिर्यारोहणाचे लेखन आता एक स्वतंत्र दालन म्हणावे एवढे जमा झाले आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'ने पांढरपेशा वाचकाला किल्ल्यांचे वेड लावले. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत तेथे पोहोचले. सह्याद्रीचे लेखन हिमालयात गेले आणि मोहिमांची पुस्तके, दिवाळी अंकांतले लेख, व्याख्याने यांची भर पडत राहिली. आपल्या चर्चांत मात्र या लेखनाचा विषय निघत नाही. ज्यांचे आयुष्यच चढणीचे आहे त्यांनी हौसेच्या चढाईची उठाठेव कशाला करावी, असे आपण मनाशी म्हणतो. मीही तसेच म्हणत होतो. ते चूक होते असे आता वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे स्वतःबद्दल बोलावे लागेल.

मी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांबरोबर कळसूबाईला गेलो. शहरातल्या एका संस्थेने सगळी व्यवस्था केली होती. वाटाड्या, तंबू, जेवण, सगळे पैसे भरून. परत आल्यावर मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी 'महाराष्ट्राच्या माथ्यावर' असा एक लेख लिहिला. सूर्योदय, ढगांचा समुद्र, थंडी, शिड्यांवरची धडधड, सगळे त्यात होते. सहकाऱ्यांनी वाखाणला. घरी आजीला वाचून दाखवला. आजीला अक्षर येत नाही. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे, पाट्या वाहिल्या आहेत. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "आरं, तुमी चाळीस जण. मंग वर भात कुनी शिजवला? पानी कुनी वाहिलं?"

"होत्या बारीच्या बाया. आणि दोन गडी होते."

"मंग त्यांचं कुठं लिव्हलंय?"

मी लेख पुन्हा चाळला. त्यात एक वाक्य होते : "माथ्यावर गरमागरम चहा आला." चहा आला! जणू तो ढगांबरोबर आपला आपण आला. ज्या बाईने पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन लोखंडी शिड्या चढल्या, तिला माझ्या वाक्यात जागा नव्हती. ज्याच्या घरातल्या बायांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिली, त्याने पहिली संधी मिळताच ओझे वाहणारीला वाक्यातून हाकलले होते. मला हे कोणी शिकवले नव्हते. भाषेनेच शिकवले होते, कारण मी वाचलेले सगळे लेखन असेच होते.

म्हणून मी ती पुस्तके आणि लेख पुन्हा वाचायला घेतले, या वेळी क्रियापदांवर बोट ठेवून. शाळेत आपण प्रयोग शिकतो : कर्तरी, कर्मणी, भावे. या लेखनात प्रयोगांची वाटणी अगदी ठरलेली दिसली. चढण्याचे क्रियापद येते तेव्हा प्रयोग कर्तरी असतो : आम्ही चढलो, आम्ही झुंजलो, आम्ही पोहोचलो. श्रमाचे क्रियापद येते तेव्हा कर्ता नाहीसा होतो : तंबू लागले, दोर बांधले गेले, शिधा वर पोहोचला, चहा आला. व्याकरणाची ही वाटणी समाजाच्या वाटणीहून निराळी नाही. गावगाड्यातही पाटील 'करतो' आणि महाराच्या हातून 'होते'.

येथे कोणी म्हणेल की पुस्तकाच्या आरंभी शेर्पांचे आणि गावकऱ्यांचे आभार मानलेले असतात. असतात, आणि ते मनापासून असतात याविषयी मला शंका नाही. बर्फात जीव वाचवणाऱ्याला माणूस सहसा विसरत नाही. परंतु ऋणनिर्देश आणि कथन यांत फरक आहे. ऋणनिर्देशात नाव येते, कथनात माणूस येतो. त्याला भीती वाटते का, त्याच्या घरी कोण वाट पाहते, त्याला किती रोज मिळतो, तो या डोंगराविषयी काय समजतो, हे कथनात यावे लागते. सह्याद्रीच्या लेखनात तर बहुतेकदा नावही येत नाही. तेथे वाटाड्या 'मामा' असतो. प्रत्येक गावात एक मामा, गावठी बोलणारा, भाबडा, काटक. नाते जोडले की नाव विचारावे लागत नाही आणि मजुरीची घासाघीसही गोड होते. आमच्याबरोबरच्या साठीच्या वाटाड्याला माझे विशीतले विद्यार्थी 'मामा' म्हणत होते आणि त्याच श्वासात 'तू' म्हणत होते. त्यांना ते खटकले नाही. खरे सांगायचे तर तेव्हा मलाही खटकले नाही.

हिमालयात नाव हिरावण्याची रीत वेगळी आहे. 'शेर्पा' हे एका जमातीचे नाव. पूर्वेकडून आलेले लोक असा त्याचा अर्थ. जगाने ते धंद्याचे नाव करून टाकले. ओझे वाहणारा, दोर लावणारा तो शेर्पा. जन्माचे नाव आणि कामाचे नाव एक होणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आणि तेथेही उतरंड आहेच. वरच्या छावण्यांपर्यंत जाणारा शेर्पा वरचा, स्वयंपाकघरातला पोऱ्या त्याच्या खालचा, पायथ्यापर्यंत ओझी आणणारे राई, तमांग हमाल त्याहून खालचे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जी सांगितली ती पाच हजार मीटरच्या वरही विरळ होत नाही.

मार्गदर्शकांसह निघणाऱ्या आजच्या मोहिमेची रचना पाहावी. हंगामाच्या आरंभी खुंबूच्या हिमप्रपातात शिड्या आणि दोर बसवतात ते नेपाळी कामगार. वरच्या छावण्यांत तंबू आणि प्राणवायूची नळकांडी पोहोचवतात तेही तेच. 'सदस्य' त्या जीवघेण्या हिमप्रपातातून मोजक्या वेळा जातो. कामगार ओझी घेऊन पुन्हापुन्हा जातो. पायथ्याच्या तळावर सदस्यांचा जेवणाचा तंबू वेगळा आणि कामगारांची बसण्याउठण्याची जागा स्वयंपाकाच्या तंबूत. आणखी एक गोष्ट, जिच्यावरून मी वाचलेली वर्णने नाक मुरडून पुढे जातात : तळावरचा मैला पिंपांत साठवतात आणि ती पिंपे पाठीवर घेऊन हमाल खाली गोरक्षेपकडे नेतात. तळावरच्या ताऱ्यांवर पाने लिहिली जातात. या पिंपावर एक ओळ का नाही? आपल्या साहित्याने ज्या दिवशी डोक्यावरची पाटी लिहिली त्या दिवशी मराठी वाङ्मयाला घाम फुटला होता. गिर्यारोहणाच्या लेखनाला तो घाम अजून फुटायचा आहे.

इतिहासही हेच सांगतो. १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेत एव्हरेस्टच्या उत्तरेकडील उतारावर हिमलोटाखाली सात जण मेले. सातही हमाल. १९५३ च्या मोहिमेच्या आरंभी काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीत गोऱ्या सदस्यांना खोल्या मिळाल्या आणि तेनसिंग व त्याच्या सोबतच्या शेर्पांना, पूर्वी तबेला असलेल्या गॅरेजात, शौचालयावाचून रात्र काढावी लागली. सकाळी शेर्पांनी वकिलातीसमोरच लघवी केली. एव्हरेस्टच्या इतिहासातील हा नकार मला शिखरावरच्या छायाचित्राइतकाच मोलाचा वाटतो. त्याच वर्षी २९ मेला तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोहोचले. हिलरीला 'सर' ही पदवी मिळाली, तेनसिंगला पदक. मग जगभर वाद पेटला : पहिले पाऊल कोणाचे? १९५५ साली आलेल्या आत्मकथनात तेनसिंगने सरळ सांगून टाकले की हिलरी एक पाऊल पुढे होता आणि मी मागोमाग होतो. तेनसिंगला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने सांगितले, दुसऱ्याने लिहिले. ज्याला अक्षर नाकारले गेले त्याने बोलून उभे केलेले हे आत्मकथन दलित आत्मकथनांच्या शेजारी ठेवून अभ्यासावे, असे मी विद्यार्थ्यांना सुचवतो. पहिल्या पावलाच्या वादात साडेतीनशेहून अधिक हमालांची पावले पुसली गेली, हेही त्याबरोबर सांगतो.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार मेले. सरकारने प्रत्येक कुटुंबाला अंत्यविधीसाठी ४० हजार नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पांनी काम करायला नकार दिला आणि त्या वर्षीचा तेथला हंगाम संपला. २७ जुलै २०२३ रोजी के-२ वर महंमद हसन हा पाकिस्तानी हमाल अरुंद वाटेवर पडला. काहींनी मदतीचा प्रयत्न केला, पण त्याला ओलांडून शिखराकडे जाणाऱ्यांची रांग थांबली नाही. तो तेथेच मेला. 'माणुसकी' हा शब्द आपण फार वापरतो म्हणून आपल्याला हिणवले जाते. त्या रांगेत तो शब्द कोणाला आठवला असता तर बरे झाले असते.

आता पुन्हा आपल्या डोंगराकडे येऊ. ज्या अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड आहेत, त्याच तालुक्यातील धामणगाव हे दया पवारांचे गाव. १९७८ साली आलेले 'बलुतं' आणि भटकंतीची पुस्तके एकाच मातीवर उभी आहेत. पण दोन्हींत एकच मुलूख आहे असे वाचताना वाटत नाही. भटकंतीच्या पुस्तकात पाऊस पडतो तो हिरवाईसाठी. 'बलुतं'मधल्या जगात पाऊस म्हणजे चूल विझण्याची भीती. एकीकडे उपाशी राहणे हे साहस, दुसरीकडे तो रोजचा दिवस. हौसेचे कष्ट आणि पोटाचे कष्ट एकाच चढणीवर एकमेकांना ओलांडून जातात आणि त्यांची ओळख होत नाही. ही ओळख करून देणे हे समीक्षेचे काम आहे. सौंदर्यवादी समीक्षा 'निसर्गाचे प्रत्ययकारी चित्रण' असा शेरा मारून ते टाळते.

किल्ल्यांच्या लेखनात हमखास येणारी एक जागा म्हणजे टाक्याचे पाणी. थंडगार, गोड, अमृतासारखे. मीही माझ्या लेखात 'अमृत' लिहिले होते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी सहकाऱ्यांनी दारातल्या हौदाचे पाणी घेतले आणि पाणी बाटवले म्हणून गिल्ला झाला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती बरोबर सशस्त्र शिपाई देऊन. आत कोठेही पाण्याला हात लागू नये यासाठी! महाडच्या तळ्यानंतर सात वर्षांनी घडलेली ही गोष्ट. ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे, त्याला टाक्यावर ओंजळ भरताना 'अमृत' हा एकच शब्द पुरा पडत नाही. पाणी गोड आहे हे खरे. ते कोणाला गोड लागू दिले गेले, हेही तितकेच खरे.

मग आपण शिखरांवर जाऊच नये काय? असे मी म्हणणार नाही. २०१४ साली तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांतील पूर्णा मालावत ही आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा एव्हरेस्टवर पोहोचले. पूर्णा तेव्हा चौदाचीही नव्हती. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी आपल्या आदिवासी विकास विभागाच्या उपक्रमातून तेथे गेले. या बातम्यांनी माझी छाती भरून आली, ते मी लपवत नाही. २०२१ च्या जानेवारीत हिवाळ्यातला के-२ प्रथमच चढला गेला आणि ते दहाही जण नेपाळी होते. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांची शिखरे वाहणाऱ्यांनी ते शिखर स्वतःसाठी चढले. पण सत्काराच्या हारांनी लेखणीचे काम होत नाही. आश्रमशाळेतला मुलगा बर्फात गेला तेव्हा त्याला काय आठवले, त्याच्या पुढे दोर लावणाऱ्या शेर्पाशी तो काय बोलला, खाली आल्यावर त्याच्या वसतिगृहातले जेवण सुधारले का, हे त्याने स्वतः लिहिले पाहिजे. ते पुस्तक आले तर मराठी गिर्यारोहण-साहित्याचे व्याकरण बदलेल.

कळसूबाईची एक कथा सांगतात. कळसू ही कोळ्याची मुलगी. पायथ्याच्या गावी एका घरी कामाला राहिली, ती अट घालून : मी भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली आणि घर सोडून डोंगर चढून गेली, ती परत आली नाही. जेथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ. जेथे ती राहिली ते शिखर तिच्या नावाचे.

१६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर हे एका कामवालीच्या नकाराचे स्मारक आहे! नवरात्रात आसपासचे लोक तेथे जातात ते आईला भेटायला. आम्ही गेलो होतो ते 'सर करायला'. आणि ज्या बाईने अट मोडली म्हणून घर सोडले, तिच्याच माथ्यावर त्या सकाळी आमच्या चाळीस ताटल्या बारीच्या दोन बाया राखेने घासत होत्या. मी ते पाहिले होते आणि लिहिले नव्हते.

तो लेख मी पुन्हा लिहिला आहे. आधी बारीला जाऊन त्या दोघींना विचारले. "लिहा की," एक म्हणाली, "पण पाण्याचा कॅन वीस लिटरचा व्हता, तेबी लिहा." तिचे नाव लिहिण्याची परवानगी तिने दिली. ते त्या लेखात आहे. आता त्यातला चहा आपला आपण येत नाही.