बॅले : कला की क्रीडा?

बॅले-नर्तिकेचे कष्ट पाहून तिला खेळाडू म्हणावे, असा एक पक्ष आहे. तो आम्हांस मान्य नाही. कष्ट हीच कसोटी मानली, तर स्टेशनावरील हमालासही पदक द्यावे लागेल!

बूढापाऱ्यात बसून या वादाचा विचार करताना आम्हांला आपला मल्लखांब आठवतो. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस त्यास ऊर्जितावस्था आणली. आज याच छत्तीसगडातील नारायणपूरची आदिवासी मुले त्यावर लीलया वावरतात. स्पर्धेत पंच त्यांच्या कसरतीचे काठिण्य मोजतात, तोल गेला की गुण कापतात. त्याच मुलांनी २०२३ साली दूरदर्शनसंचावरील 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकले, ते मात्र प्रेक्षकांच्या कौलावर. शरीर तेच, मोजमाप निराळे.

वार्णा येथे १९६४ पासून बॅलेच्या स्पर्धा भरत आल्या आहेत, हे खरे. पण तेथे परीक्षा होते ती मुख्यतः नर्तकाची, नृत्यकृतीची नव्हे. 'गिझेल' (१८४१) या बॅलेत पहिल्या अंकाच्या अखेरीस, प्रियकराने फसवलेली नायिका भ्रमिष्ट होते आणि मघाचेच आपले नृत्य अडखळत, चुकत आठवू पाहते. पंचाने तेथे गुण कापले असते. रसिकाचा मात्र तेथेच कंठ दाटून येतो.