दगडातले लाकूड, यंत्रातला खेळ

१

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागले की वाटेत बेडसे गाव येते. गावामागच्या डोंगराच्या सुमारे चारशे पायऱ्या चढून गेल्यावरही लेणे चटकन दिसत नाही. समोर न कोरलेला कातळ तसाच उभा ठेवलेला आहे. त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरले की एकदम उंच स्तंभ अंगावर येतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेली जोडपी आहेत. काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या एका मुलाला घेऊन मी तिथे गेलो होतो. बोळात शिरताना तो म्हणाला, "काका, बॉसच्या आधी अस्साच बोळ असतो." बॉस म्हणजे संगणकीय खेळात टप्प्याच्या शेवटी ज्याच्याशी गाठ पडते तो बलाढ्य शत्रू. आधी मला हसू आले, मग वाटले की या पोराने लेण्याची रचना माझ्यापेक्षा अचूक वाचली आहे. आधी आवळायचे, मग मोकळे सोडायचे. आधी झाकायचे, मग दाखवायचे. ही युक्ती त्याला शरीराने ठाऊक होती, कारण शेकडो वेळा तो अशा बोळांतून अंगठ्याने चालून गेला होता.

या लेखाचा विषय हे अंगठ्याचे वाचन आहे. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत संगणकावर, टीव्हीला जोडलेल्या डबड्यावर आणि आता फोनवर मराठी माणसाने खेळात घातलेला वेळ प्रचंड आहे. त्याबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा आरोग्य आणि पालकत्वाच्या सदरांत. व्यसनाची तक्रार खोटी नाही, मी तशी घरे पाहिली आहेत. पण तमाशाबद्दल फक्त त्यापायी बुडालेल्या घरांचेच लिहिले गेले असते, तर तमाशा आपल्याला किती कळला असता? खेळाला कलाकृती म्हणून वाचायचे तर कोणत्या बाजूंनी वाचावे? मला तीन बाजू दिसतात: सामग्री, नियम आणि नोंद.

२

सामग्रीपासून सुरुवात करू, कारण हौशी माणसाची सुरुवात तिथूनच होते. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ब्रिटनचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक परवान्याने भारतात आणला. त्याची स्मृती ४८ के, म्हणजे आजच्या फोनमधल्या एका साध्या फोटोहूनही कमी. खेळ कॅसेटवरून चढवायचा, टेपरेकॉर्डरची किरकिर मिनिटे-मिनिटे ऐकायची, आणि शेवटच्या क्षणी चूक निघाली की फीत मागे गुंडाळून पुन्हा सुरुवात. पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग बसत. हिरवा माणूस लाल भिंतीजवळ गेला की एकाचा रंग दुसऱ्याला लागे. म्हणून जाणते रचनाकार सगळी खोली एकाच रंगात ठेवत. ती त्यांची चित्रशैली ठरली, पण तिचा उगम अडचणीत होता.

नव्वदच्या दशकात घरोघरी नाही तरी ओळखीत कुठेतरी पीसी आला. डॉस या प्रणालीत पहिल्या ६४० के स्मृतीला विशेष मान होता. यंत्रात चार किंवा आठ एमबी असली तरी पुष्कळसे खेळ या पहिल्या पट्ट्यातच जागा मागत, आणि ती जागा माउस, साउंड कार्ड, सीडी ड्राइव्ह यांचे चालक-प्रोग्राम आधीच अडवून बसलेले असत. मग हौशी माणूस एक वेगळी फ्लॉपी तयार करी, नको ते प्रोग्राम तीतून गाळी, उरलेले वरच्या स्मृतीत ढकली आणि त्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करी. माझ्या तेव्हाच्या वहीत पानोपान हेच हिशेब आहेत. कोणत्या खेळाला किती के मोकळे लागते, माउस काढला तर किती सुटते. 'ए२२० आय५ डी१' ही साउंड ब्लास्टरच्या मांडणीची ओळ त्या काळच्या पुष्कळांना अजून पाठ असेल. अर्थ कळायच्या आधी ती पाठ झाली होती.

या खटाटोपाला मी वाचनाचा भाग मानतो. वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रा मोजाव्या लागतात आणि जाणता वाचकही त्या मनात मोजतो, तसे इथे होते. खेळणाऱ्याला यंत्राची चणचण ठाऊक होती, म्हणून रचनाकाराने त्या चणचणीत काय साधले हे त्याला कळे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनरने तो ॲपल टू यंत्रासाठी रचला आणि १९८९मध्ये तो बाहेर आला. पुढच्या वर्षी डॉसवर आला, आणि आपल्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवला जात शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांपर्यंत पोचला. राजपुत्राचे धावणे, उडी मारणे, कड्याला लोंबकळणे खरे वाटते, कारण मेकनरने धाकट्या भावाच्या हालचालींचे व्हिडिओ चित्रण करून त्यावरून एकेक चौकट रेखाटली होती. या चौकटींनी यंत्राची स्मृती भरून गेली. दुसरे पात्र घ्यायला जागाच उरली नाही, आणि शत्रूवाचून खेळ कोरडा वाटू लागला. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून त्यांच्यावरच अशी बसवली की मधला भाग पुसला जाऊन चकाकती बाह्यरेखा उरली. त्यातून छायापुरुष जन्मला.

आता या छायेचे खेळातले काम पाहा. चौथ्या टप्प्यात वाट अडवणारा आरसा येतो. त्यातून उडी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि उडी मारताच राजपुत्राची शक्ती ओसरते व आरशातून त्याची छाया पळून जाते. पुढे ती त्याच्या वाटचे औषध पिते, त्याच्या तोंडावर दार लावून त्याला खाली पाडते. शेवटी ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तुम्ही तिच्यावर वार केला की तुमचीही शक्ती कमी होते. तिला मारले तर तुम्ही मेलात. उपाय एकच, तलवार म्यान करून तिच्याकडे चालत जायचे. मग दोघे एक होतात.

हे कुठल्याही सूचनेत लिहिलेले नव्हते. आम्हाला ते कळायला आठवडे लागले. जो मला शत्रू वाटतो त्याला लागलेला घाव मलाच लागतो, हे अध्यात्मात अनेकदा ऐकले होते. इथे ते हाताला कळले, कारण बोट तलवारीच्या बटणावर होते आणि ते काढून घ्यावे लागले. स्मृती संपली नसती तर ही छाया आली नसती. सामग्रीची चणचण अशी अर्थाला जन्म देते.

३

दुसरी बाजू नियमांची. संगणकीय खेळांबद्दल बोलायला मराठीत शब्द नाहीत, अशी तक्रार मी स्वतःही केली आहे. ती चुकीची होती. शब्द आपल्या मैदानावर पडलेले आहेत.

कबड्डीचे जुने प्रकार आठवा. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद झालेला मैदान सोडत नाही, खेळतच राहतो. प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो. मरणाला किंमत काय लावायची, या एका प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत, आणि प्रत्येक संगणकीय खेळाला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते.

२०००नंतर सायबर कॅफेंत जोडलेल्या संगणकांवर 'काउंटर-स्ट्राइक' खेळला जाई. त्यात मेलेला गडी ती फेरी संपेपर्यंत नुसता बघत बसतो. ही गामिनी. तिचा परिणाम कॅफेत डोळ्यांना दिसे. मेलेली मुले खुर्च्या सोडून शेवटच्या जिवंत गड्यामागे गोळा होत आणि त्याला एकाच वेळी दहा सल्ले देत. तासाचे पैसे मेलेल्यालाही पडत होते, पण फेरीतली खरी नाट्यमयता तेव्हाच सुरू होई. अलीकडे फोनवर आलेल्या पबजीत चौघांचा गट करून खेळताना जायबंदी सोबत्याला दुसरा उठवतो. ही अर्धी संजीवनी म्हणता येईल. मात्र खऱ्या संजीवनीत आपला गडी उठायला समोरचा पडावा लागतो, ती अट इथे नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' म्हणजे अमर. कितीही वेळा मरा, टप्पा पुन्हा सुरू होतो. पण एकूण वेळ साठच मिनिटे, आणि मरण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. इथे प्रतिपक्ष घड्याळ आहे आणि प्रत्येक मरणाचा गुण त्याला जातो.

या शब्दांनी पाहिले की खेळांतला फरक गोष्टीच्याही आधी नियमात दिसू लागतो. समीक्षेला हीच कसोटी हवी: खेळाचा नियम आणि त्याची गोष्ट एकच बोलतात का?

ही कसोटी आपल्याच एका खेळाला लावून पाहू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी २०१७मध्ये लोकांकडून निधी जमवण्याचा प्रयत्न फसला होता. तरी तो पुरा झाला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनापर्यंत पोचला. सर्कशीत वाढलेली राजी आपल्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि तिच्या वाटचालीवर दुर्गा व विष्णू आपसात बोलत राहतात. राजस्थानी वळणाचे महाल, छाया-बाहुल्यांच्या शैलीतली कथनाची दृश्ये, भिंतींवरची पुराणकथांची चित्रे, सगळे देखणे आहे.

पण राजीचे भिंतीवरून धावणे, खांबाभोवती गिरकी घेणे, उड्या मारत टोळीला झोडपणे, या साऱ्याचे नियम पाश्चात्त्य मारधाडीच्या खेळांतून आले आहेत. भिंतीवरून धावणे तर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या २००३च्या अवतारातच रूढ झाले होते. त्रिशूळाच्या जागी भाला दिला तर हाताला काय फरक पडेल? फारसा नाही. जिथे राजी भिंतीवरच्या चित्रासमोर थांबते आणि कथा ऐकू येते, तिथे मन रमते, पण तेव्हा आपण खेळत नसतो. कीर्तनाला बसलेलो असतो. नियम आणि गोष्ट खऱ्या अर्थाने भेटतात त्या मंडलांच्या कोड्यांत. वर्तुळाचे तुकडे फिरवून जुळवले की भावाबहिणीची जुनी आठवण पुरी होते. विस्कटलेले हाताने जोडायचे, ही राजीची गोष्ट तिथे बोटांत उतरते. खेळाने या वाटेने आणखी जायला हवे होते.

४

हा दोष मी कठोरपणे मोजत नाही, याचे कारण पुन्हा लेण्यांत आहे. आपल्या डोंगरांतली जुनी चैत्यगृहे म्हणजे दगडात कोरलेले लाकूड. भाजे येथे आतले खांब आत कललेले आहेत. लाकडी घरात छताचा भार पेलायला असा कल लागतो. एकसंध कातळात त्याची काही गरज नाही. तिथला दर्शनी भाग तर खरोखरच लाकडी होता, तो गेला. बेडशाला तो दगडात आला. भिंतींवर वेदिकांची आणि चैत्यकमानींची नक्षी आली. तीही लाकूडकामाचीच नक्कल. मात्र त्याच ओसरीत जनावरांवर आरूढ झालेली ती वजनदार जोडपी आहेत, आणि न कोरता ठेवलेला कातळ पडद्यासारखा वापरलेला आहे. हे लाकडाला सुचले नसते. नवी सामग्री आधी जुन्याची नक्कल करते, मग हळूच तिला स्वतःचे काही सापडते. 'राजी' अजून सिनेमाचे आणि चित्राचे लाकूड दगडात कोरते आहे. मंडलाच्या कोड्यात तिला दगड सापडू लागला आहे.

राहिली नोंद. बेडशाच्या भिंतींवर एकेकाळी रंगचित्रांचे अवशेष होते. भेटीला येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना बरे दिसावे म्हणून १८६१च्या सुमारापर्यंत स्थानिक अंमलदारांनी लेण्याची डागडुजी आणि रंगरंगोटी करून घेतली, त्यात ते गेले, असे सांगितले जाते. कुणाचा हेतू वाईट नव्हता. स्वच्छताच करायची होती.

माझ्या फ्लॉप्यांची एक पेटी अशाच स्वच्छतेत गेली. मावळातल्या पावसाने त्यांतल्या बऱ्याच फ्लॉप्यांना आधीच बुरशी धरली होती. उरलेल्या एका दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात गेल्या. खेळांचे मला फार दुःख नाही, त्यांच्या प्रती जगात कुठेतरी आहेत. गेली ती माझ्या हाताने जुळवलेली मांडणी, लेबलांवरचे शेरे, कोणाकडून काय उतरवून घेतले त्याची नावे. वही तेवढी वाचली, कारण ती हिशेबाच्या वह्यांत मिसळली होती. मराठी माणूस त्या यंत्रांसमोर बसून काय करत होता, याचा पुरावा अशाच वह्यांत आहे, आणि तो जमवणारी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा हा अंक हाती पडेल त्या सुमारास तुमच्याही माळ्यावरून एखादा पिवळा पडलेला कीबोर्ड किंवा फ्लॉप्यांचा डबा खाली येईल. भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही, घरात जागा लागतेच. देण्यापूर्वी लेबलांवर काय लिहिले आहे ते मात्र एका कागदावर उतरवून घ्या, आणि ते कोणाच्या हातचे अक्षर आहे तेही.