देणारे कोण, घेणारे कोण?

कोल्हापूर दरबाराची गोष्ट मराठीत बहुधा एकाच तऱ्हेने सांगितली जाते: शाहू महाराज देणारे, उस्ताद अल्लादियाखाँ घेणारे. महाराजांची गुणग्राहकता निर्विवाद आहे. तरीही हे अर्धेच सत्य आहे, असे आम्हाला वाटते.

राजस्थानातील उनियाऱ्यात १८५५ साली जन्मलेले खाँसाहेब कोल्हापुरात रिकाम्या हातांनी आले नव्हते. अतिगायनाने त्यांचा आवाज बसला होता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी वक्र, लयीला घट्ट धरून चालणारी गायकी त्यांनी स्वतः घडवली. राजाश्रयाने स्वास्थ्य दिले. गाणे मेहनतीतून आले.

१९२२ साली महाराज गेले. खाँसाहेब पुढे मुंबईत राहिले, तिथेच १९४६ साली वारले. दरबार सुटला, गाणे थांबले नाही. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकल्या. त्यांचे पुत्र मंजीखाँ आणि नंतर भुर्जीखाँ यांनी धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना तालीम दिली. घराण्याच्या नावात जयपूर आहे, अत्रौली आहे, कोल्हापूर नाही; पण ते बहरले कोकणी, मराठी, कानडी गळ्यांत.

मग देणारे कोण ठरले?

आपणही मुसलमानांच्या ‘योगदाना’ची यादी करतो, नावे मोजतो आणि थांबतो. यादीने मान मिळेल, समज येणार नाही. बसलेल्या आवाजातून गायकी कशी उभी राहते, हे लिहिणे आपल्याकडून अजून राहिले आहे.