नव्या प्रोसेसर-रचनेसाठी बूटेबल इन्स्टॉलेशन इमेज : डेबियनच्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीची चिकित्सक समीक्षा

प्रस्तावना

संगणकाविषयीच्या मराठी लेखनात प्रोसेसरचा वेग, स्मृतीची क्षमता आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता यांची चर्चा विपुल आढळते. रिकामे यंत्र प्रथम चालू कसे होते, या प्रश्नाकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. नागपुरातील धंतोली हा दवाखान्यांसाठी ओळखला जाणारा परिसर आहे. तेथील एखाद्या दवाखान्याच्या नोंदणी-खिडकीवरचा संगणक बिघडला, तर दुरुस्ती करणारा माणूस बूटेबल पेनड्राईव्ह लावतो, ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवतो आणि यंत्र पुन्हा कामाला लागते. हाच पेनड्राईव्ह निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर कसा चालतो, असा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही. इंटेलच्या आज्ञासंचाभोवती गेल्या चार दशकांत जे संकेत स्थिरावले, त्यांनी तो प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. आज्ञासंच बदलला की तोच प्रश्न पुन्हा मुळापासून उभा राहतो.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची 'ट्रिक्सी' ही १३ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात रिस्क-फाइव्ह या नव्या प्रोसेसर-रचनेला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. या रचनेसाठीच्या इन्स्टॉलेशन इमेजचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. अशी इमेज हे केवळ तांत्रिक वेष्टन नसून ते प्रवेशद्वार आहे. ते कोणासाठी उघडावे आणि कोणासाठी बंद व्हावे हे ती घडवतानाच ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पार्श्वभूमी

नव्या प्रोसेसर-रचनेवर प्रणाली उभी करण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. विजय भटकर हे या प्रयत्नाचे प्रमुख होते. १९९१ मधील 'परम ८०००' हा महासंगणक ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर या प्रोसेसरवर आधारलेला होता. ट्रान्सप्यूटरची पुढची पिढी वेळेवर आली नाही. त्यानंतर 'परम'च्या मालिकेत इंटेलचा आय-८६०, सनच्या स्पार्क रचनेचे प्रोसेसर, आयबीएमचा पॉवर-४ आणि २००८ च्या 'परम युवा'मध्ये इंटेलचा झिऑन असे प्रोसेसर येत गेले. १७ वर्षांत पाच रचना झाल्या आणि प्रत्येक वेळी प्रणालीचा पाया नव्याने जुळवून घ्यावा लागला.

हे काम तेथे पार पडले, कारण यंत्र घडवणारे आणि प्रणाली बसवणारे अभियंते एकाच संस्थेत होते. ज्याला यंत्राचे अंतरंग ठाऊक आहे त्याला सर्वसाधारण इमेजची गरज भासत नाही. परंतु तीच रचना बाजारात, महाविद्यालयात किंवा दवाखान्यात जायची असेल, तर घडवणाऱ्याचे ज्ञान इमेजमध्येच उतरावे लागते. महासंगणक आणि सार्वजनिक संगणक यांतील खरा भेद वेगापेक्षा येथे अधिक आहे.

रिस्क-फाइव्हचा आरंभ २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत झाला. हा आज्ञासंच वापरण्यासाठी परवाना-शुल्क द्यावे लागत नाही. त्यामुळे आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर त्यावर उभे राहिले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र शासनाने 'डीआयआर-व्ही' हा कार्यक्रम जाहीर केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकच्या 'ध्रुव-६४' या ६४ बिटी प्रोसेसरची घोषणा झाली. डेबियनच्या इमेजचा विचार भारतीय वाचकाने करावयाचा तो या संदर्भात.

इमेजची घडण

नव्या रचनेसाठी इमेज तयार करताना पहिली अडचण चक्रीय स्वरूपाची असते. प्रणालीतील कार्यक्रम बांधण्यासाठी कंपायलर लागतो आणि कंपायलर स्वतः एक कार्यक्रमच असतो. म्हणून आरंभीचे मोजके भाग दुसऱ्या रचनेच्या संगणकावर बांधले जातात. त्यांच्या आधाराने नवी रचना पायावर उभी राहते आणि पुढचे कार्यक्रम तिच्यावरच बांधले जातात. प्रत्यक्ष यंत्रे दुर्मीळ असतील, तर क्यूईएमयूसारख्या कार्यक्रमाने आभासी यंत्र निर्माण करून चाचणी घेतली जाते. डेबियनचे रिस्क-फाइव्हवरील काम २०१८ पासून अनधिकृत भांडारात चालू होते. जुलै २०२३ मध्ये ही रचना अधिकृत भांडारात आली आणि त्यानंतर दोन वर्षांनी ती स्थिर आवृत्तीत समाविष्ट झाली.

दुसरी अडचण यंत्र चालू होण्याच्या क्रमाची आहे. रिस्क-फाइव्ह बोर्डला वीज मिळाली की प्रथम प्रोसेसरच्या सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवर ओपन-एसबीआयसारखा मूलभूत कार्यक्रम चालतो. तो यू-बूटकडे सूत्रे देतो, यू-बूट ग्रबला शोधतो, ग्रब लिनक्सचा गाभा स्मृतीत आणतो आणि शेवटी इन्स्टॉलर पडद्यावर दिसतो. यूईएफआय संकेतानुसार पेनड्राईव्हवर प्रत्येक रचनेसाठी ठरलेल्या नावाची एक फाईल ठेवलेली असते व यंत्र नेमकी तीच शोधते. बोर्डवर कोणती उपकरणे कोठे जोडली आहेत, हे गाभ्याला 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वर्णनातून कळते. या साखळीतील एक कडी निसटली, तर अन्यथा निर्दोष असलेली इमेजही निरुपयोगी ठरते.

मूल्यमापन

डेबियनच्या कामगिरीतील सर्वांत मोठा गुण म्हणजे सर्वसाधारणतेचा आग्रह. अनेक बोर्ड-उत्पादक केवळ आपल्या बोर्डापुरती तयार इमेज देतात. तिच्यातील गाभा त्यांनी स्वतः बदललेला असतो आणि उत्पादकाचे लक्ष उडाले की तिची सुधारणाही थांबते. याउलट डेबियनने एकच इन्स्टॉलर आणि मुख्य प्रवाहातील गाभा यांवर भर दिला आहे. हा मार्ग संथ आहे; उपकरणाचा आधार मुख्य प्रवाहात येईपर्यंत थांबावे लागते. पण यंत्राचे आयुष्य उत्पादकाच्या मर्जीवर राहत नाही, हा त्याचा लाभ मोठा आहे.

दुसरा मुद्दा किमान पातळीचा. इमेज तयार करताना प्रोसेसरने निदान कोणत्या आज्ञा समजून घ्याव्यात हे ठरवावे लागते. डेबियन १३ ने ही पातळी जुन्या बोर्डांना पेलेल अशी ठेवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० ने मात्र आरव्हीए-२३ ही वरची पातळी अनिवार्य केली. त्यामुळे तोवर विकले गेलेले बहुसंख्य रिस्क-फाइव्ह बोर्ड त्या आवृत्तीच्या कक्षेबाहेर गेले. उबुंटूचा निर्णय भावी यंत्रांच्या कार्यक्षमतेसाठी समर्थनीय आहे. परंतु मर्यादित निधीतून प्रयोगशाळेसाठी बोर्ड घेणाऱ्या महाविद्यालयाच्या दृष्टीने डेबियनचा निर्णय अधिक न्याय्य वाटतो.

तरीही या न्यायाला एक मर्यादा आहे. ज्या आवृत्तीने रिस्क-फाइव्हसाठी दार उघडले, त्याच आवृत्तीने ३२ बिटी पीसीसाठी गाभा आणि इन्स्टॉलर देणे बंद केले. स्वयंसेवकांचे बळ आणि चाचणीची साधने परिमित असल्याने ही निवड अपरिहार्य म्हणता येईल. मात्र ग्रामीण शाळेत जुना ३२ बिटी संगणक अद्याप चालत असेल, तर त्याच्यासाठी नव्या आवृत्तीची इमेज आता मिळणार नाही. नव्याचे स्वागत करताना या निरोपाचीही नोंद व्हावयास हवी.

तिसरा मुद्दा भाषेचा असून मराठी वाचकाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. परंतु देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा यांची मांडणी साध्या अक्षर-पडद्याला साधत नाही. त्यामुळे मराठी हा पर्याय केवळ चित्रमय इन्स्टॉलरमध्ये दिसतो. अक्षर-पडद्यावरील भाषांच्या यादीत तो येतच नाही. नव्या रचनेच्या बाबतीत हीच गोष्ट निर्णायक ठरते. नव्या बोर्डांच्या पडदा-जोडणीचे चालक कार्यक्रम मुख्य प्रवाहात बहुधा उशिरा येतात. तोवर सीरियल केबल जोडून, दुसऱ्या संगणकाच्या खिडकीतून, अक्षरांच्या आधारेच प्रणाली बसवावी लागते. अर्थात भाषांतरकारांनी केलेले काम इमेजमध्ये असूनही मराठी वापरकर्त्यासमोर प्रथम इंग्रजीच येते. भाषांतर हरवलेले नसते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र तयार झालेली नसते.

हा दोष एकट्या डेबियनच्या माथी मारणे योग्य होणार नाही. यंत्र चालू होण्याच्या क्रमात लिपीचा विचार सर्वांत शेवटी होतो, ही संगणकशास्त्राची जुनी सवय आहे. २००७ मध्ये डेबियनच्या 'एच' आवृत्तीसोबत चित्रमय इन्स्टॉलर आला, तोही प्रथम प्रचलित रचनांसाठीच. नवी रचना प्रत्येक वेळी अक्षर-पडद्यापासून आरंभ करते आणि भारतीय लिपींना प्रत्येक वेळी रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते.

निष्कर्ष

डेबियनची रिस्क-फाइव्ह इमेज सर्वसाधारणता आणि जुन्या बोर्डांविषयीची आस्था या दोन निकषांवर उतरते. भाषेच्या निकषावर ती अपुरी पडते. भारतीय प्रोसेसर-कार्यक्रमासाठी यातून दोन बोध निघतात. एक, प्रोसेसर देशी झाल्याची खरी कसोटी घोषणेत नाही. कोणतीही फेरफार न केलेली सर्वसाधारण इमेज त्या बोर्डावर चालू होते की नाही, यात ती आहे. त्यासाठी गाभ्यातील सुधारणा स्वतःजवळ न ठेवता मुख्य प्रवाहात देणे आवश्यक आहे. दोन, भारतीय लिपी दाखवणारा पडदा हा नंतर जोडावयाचा अलंकार न मानता बोर्डच्या पहिल्या चाचणीतच त्याचा समावेश व्हावा. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनच्याच आधाराने 'बॉस' ही भारतीय भाषांना स्थान देणारी ऑपरेटिंग सिस्टीम प्रसिद्ध केली होती. प्रोसेसर आणि भाषा ही दोन्ही कामे त्याच संस्थेच्या कक्षेत येतात, तेव्हा ती एकाच इमेजमध्ये एकत्र आणणे अशक्य नाही.

अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांनाही येथे कार्यक्षेत्र आहे. विद्यार्थ्यांनी एखादा बोर्ड घेऊन मुख्य प्रवाहातील इमेज त्यावर चालवावी, अडलेली कडी शोधावी आणि मराठी पर्याय दिसतो का हे तपासून निष्कर्ष प्रकल्पाला कळवावेत. धंतोलीतील त्या नोंदणी-खिडकीवर उद्या भारतीय प्रोसेसरचा संगणक आला, तर त्याच्या पहिल्या पडद्यावर मराठी असेल की नाही, हे आजच्या अशा कामावरच अवलंबून राहील.