घार कीं गिधाड?

धर्मप्रतीकांचा अर्थ लावण्याच्या कामीं मनोविश्लेषणशास्त्राचा अधिकार किती, हा वाद आपल्याकडील सुशिक्षितांतहि अधूनमधून निघतो. एका पक्षास तें शास्त्र केवळ पाखंड वाटतें. दुसऱ्यास ती सर्व कुलुपांची एकच किल्ली वाटते. सबंध ख्रिस्ती धर्माची चर्चा आरंभण्यापेक्षां एक चित्र व त्यावरील एक ग्रंथ समोर ठेवून हा वाद तपासावा, असें आम्हांस वाटतें. चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांतील, लिओनार्दो दा विंचीचें. संत ॲनेच्या मांडीवर तिची कन्या कुमारी मरिया बसली आहे, आणि कोंकराशीं झोंबणाऱ्या बाळ येशूस ती पुढें वांकून धरीत आहे. ग्रंथ फ्रॉइडचा, १९१० सालचा.

लिओनार्दोनें एका टिपणांत शैशवाची एक आठवण लिहून ठेविली आहे. आपण पाळण्यांत असतां एक पक्षी खालीं उतरला, त्यानें शेपटीनें आपलें तोंड उघडलें व ती ओठांच्या आंत अनेक वेळां मारली, अशी ती आठवण. फ्रॉइडनें हा पक्षी गिधाड मानला आणि त्यावर सारी इमारत रचिली. प्राचीन मिसरी लिपींत मातेसाठीं गिधाडाचें चिन्ह असे, मुत नांवाची मातृदेवताहि गिधाडरूप. गिधाडांत नर नसतोच, माद्या वाऱ्यानें गर्भ धारण करितात, अशी जुनी समजूत होती. आणि कुमारीस पुत्र कसा झाला असें विचारणाऱ्यांपुढें ख्रिस्ती धर्माचार्य ह्याच समजुतीचा दाखला देत. लिओनार्दो हा १४५२ सालीं जन्मलेला अनौरस पुत्र. त्याचीं पहिलीं वर्षें केवळ आईच्या सहवासांत गेलीं व मग तो पित्याच्या घरीं सावत्र आईजवळ आला, असें फ्रॉइडचें अनुमान. दोन माता लाभलेल्या ह्या मुलानें पुढें चित्रांतील बाळासहि दोन माता दिल्या, म्हणूनच आजी ॲना मरियेइतकी तरुण दिसते! युक्तिवाद इतका मोहक आहे कीं वाचतांना शंका घेण्याचें भान राहत नाहीं. फिस्टर ह्या स्विस धर्मोपदेशकास तर १९१३ सालीं मरियेच्या वस्त्रांत गिधाडाची आकृतीहि दिसली. वाचक ह्यास मनोविश्लेषणाची कादंबरी म्हणतील, ही शंका खुद्द फ्रॉइडनेंच बोलून दाखविली होती, हें त्याच्या प्रामाणिकपणास शोभतें.

परंतु लिओनार्दोनें लिहिलेला इटालियन शब्द ‘निब्बिओ’, आणि निब्बिओ म्हणजे घार. फ्रॉइडनें आधारास घेतलेल्या जर्मन भाषांतरांत घारीचें गिधाड झालें होतें. एरिक मॅक्लॅगन यांनीं १९२३ सालीं ही चूक उघड केली. पक्षी कोणताहि असो, आठवण ती आठवणच, असें फ्रॉइडचा एखादा कैवारी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. गिधाडाबरोबर मिसरी देवता गेली, वाऱ्याचा गर्भ गेला, धर्माचार्यांचा दाखलाहि गेला. ख्रिस्ती प्रतीकाकडे नेणारा पूल ह्या एका शब्दावरच उभा होता. मराठी वाचकास घार म्हटली कीं संतवाणींतील पिलांवर जीव ठेवणारी माउली आठवेल. लिओनार्दोच्या स्वतःच्या प्राणिवर्णनांत मात्र घार मत्सरी आहे. पिलें लठ्ठ झालेलीं पाहून ती त्यांना टोंचते व उपाशीं ठेविते! पक्षी तोच, पण अर्थ ज्याच्या त्याच्या परंपरेचा. फ्रॉइडनें ह्या दोहोंपैकीं एकाहि परंपरेस विचारलें नाहीं.

चित्राचीहि तीच गोष्ट. मायर शापिरो यांनीं १९५६ सालच्या निबंधांत दाखविल्याप्रमाणें त्या काळीं ॲनेची उपासना युरोपांत जोरांत होती आणि आजी, आई व बाळ असें त्रिकूट चित्रकारांच्या नित्य परिचयाचें होतें. लिओनार्दोपूर्वीं सुमारें पाऊणशें वर्षें फ्लॉरेन्समध्यें मासाच्चो व मासोलिनो यांनीं तें रंगविलें होतें. दोन माता, तेव्हां, आयत्याच मिळालेल्या होत्या.

आणि अर्थ विचारावयास लिओनार्दोच्या समकालीनांकडेहि जातां येतें. १५०१ सालच्या एप्रिलांत पिएत्रो दा नोव्हेलारा ह्या धर्मगुरूनें मांतुआच्या इझाबेला देस्तेस लिहिलेल्या पत्रांत लिओनार्दोच्या ह्याच विषयावरील एका आराखड्याचें वर्णन आहे. कोंकरूं हा बलिपशु, म्हणून तें येशूच्या भावी यातनांचें चिन्ह. मरिया बाळास त्यापासून दूर करूं पाहते, आणि ॲना मुलीस जणूं अडविते. ॲना कदाचित् चर्चचें प्रतीक असेल, कारण त्या यातना टळाव्या असें चर्च इच्छिणार नाहीं, असें तो सुचवितो. मातृप्रेम आणि बलिदान यांचा हा झगडा फ्रॉइडच्या दोन मातांहून आम्हांस कितीतरी खोल वाटतो.

तो आराखडा आज उपलब्ध नाहीं. पण लूव्ह्रमधील चित्र पाहावें तर त्यांत ॲना कोणास अडवीत नाहीं. कमरेवर हात ठेवून ती नुसती खालीं पाहते, आणि हंसते. लिओनार्दोनें तें अडवणें कां काढून टाकिलें, हें चर्चची परंपरा सांगत नाहीं, नोव्हेलाराचें पत्रहि सांगत नाहीं. त्या हास्याविषयीं मनोविश्लेषकास कांहीं सांगावयाचें असेल तर आम्ही ऐकावयास तयार आहों. गिधाड मात्र त्यानें बाहेर ठेवून यावें.