‘पावणेतीनपट’ हा आकडा नेमकं काय सांगतो?

अमेरिकेतल्या बंदुकांच्या वादात एक वाक्य हमखास येतं: घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका जवळपास तिप्पट. हे वाक्य ज्या पेपरातून आलं, तो आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा पेपर १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पीएचडीची तयारी करत असाल तर तो एकदा मुळातून वाचा.

आधी डिझाइन समजून घेऊ. टेनेसी, वॉशिंग्टन आणि ओहायो या राज्यांतल्या एकेक काउंटीत घरात झालेले खून म्हणजे ‘केस’. प्रत्येक केससाठी त्याच परिसरातली, त्याच लिंगाची, वंशाची आणि वयोगटाची एक जिवंत व्यक्ती म्हणजे ‘कंट्रोल’. अशा ३८८ जोड्या. मृतांच्या ४५.४ टक्के घरांत बंदूक होती, कंट्रोलच्या ३५.८ टक्के घरांत. अमली पदार्थ, घरातली मारहाण, भाड्याचं घर, एकटं राहणं हे सगळं हिशेबात धरल्यावर ऑड्स रेशो आला २.७. कॉन्फिडन्स इंटरव्हल १.६ ते ४.४.

काम मेहनतीचं आहे. यातले तीन चतुर्थांशांहून जास्त मृत नातेवाइकाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हातून गेले. ‘चोर घुसला तर बंदूक वाचवेल’ या कल्पनेला हा मोठाच धक्का होता.

आता आक्षेप. पहिला, बाणाची दिशा. ज्याला कुणाची तरी भीती आहे, तोच बंदूक घेतो. मग बंदुकीमुळे धोका वाढला, की धोका होता म्हणून बंदूक आली? केस-कंट्रोलमध्ये आपण खुनापासून मागे बघतो, त्यामुळे हा क्रम पक्का करणं अवघड जातं. मात्र लेखकांच्या बाजूचाही एक मुद्दा आहे: धोक्याचा संबंध बंदुकीने झालेल्या खुनांत दिसला, इतर मार्गांनी झालेल्या खुनांत नाही. नुसती भीतीच कारण असती तर दोन्हीकडे दिसायला हवा होता.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो. ‘तुमच्या घरी बंदूक आहे का?’ याला कंट्रोलने ‘नाही’ असं खोटं सांगितलं तर? गणित करून बघा. कंट्रोलमधल्या दर पाच बंदूकवाल्या घरांपैकी एकाने लपवलं असं धरा. ३५.८ भागिले ०.८, म्हणजे ४४.८ टक्के. ४५.४ शी असलेला कच्चा फरक जवळजवळ संपला! नोंदणीकृत बंदुका असलेल्या घरांत उत्तरं बहुतांशी खरी मिळाल्याची पडताळणी लेखकांनी केली होती. पण ज्याची नोंदच नाही, तो तितकंच खरं बोलेल का?

म्हणजे पेपर टाकाऊ का? अजिबात नाही. त्याला उत्तर म्हणून अधिक चांगला अभ्यास हवा होता. झालं उलटंच. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने ‘डिकी दुरुस्ती’ आणून सीडीसीचा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही असं ठरवलं, आणि तेवढ्या संशोधनावर खर्च होणारे २६ लाख डॉलर दुसरीकडे वळवले. दुरुस्तीत संशोधनाला बंदी नव्हती, तरी संस्था घाबरली आणि दोन दशकांहून जास्त काळ या विषयाला सरकारी पैसा जेमतेम मिळाला. ज्यांच्या नावाने ही दुरुस्ती ओळखली जाते, त्या जे डिकी यांनीच पुढे संशोधन व्हायला हवं अशी जाहीर भूमिका घेतली.

दोन्ही आक्षेपांना बऱ्यापैकी भिडणारा अभ्यास २०२२ मध्ये आला. डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या बंदूक-खरेदीच्या सरकारी नोंदी वापरल्या. नोंदीत खरेदीची तारीख असते, म्हणजे क्रम कळतो. आणि कुणाला तोंडी विचारावंच लागत नाही. शिवाय त्यांनी पाहिलं मालकाकडे नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या, स्वतःकडे बंदूक नसलेल्या माणसांकडे. त्यांच्या खुनाचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. घरात जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट, आणि त्या मृतांत ८४ टक्के बायका. ‘बंदूक घेणारी घरंच वेगळी असतील’ ही शंका इथेही पूर्ण जात नाही. पण १९९३ च्या मानाने ती बरीच आक्रसते.

तुमच्या प्रपोजलसाठी एक काम करा. तुमचा मुख्य आकडा घ्या, आणि किती लोकांनी खोटं सांगितलं तर तो कोसळेल ते काढून मेथड्सच्या प्रकरणात लिहा. गाइडने विचारायच्या आधी.